नाशकात, दोन वादांसोबत : धुळवड ते रंगपंचमी

प्रतिपदा

ठाणे स्टेशनावर सकाळीच निम्मे लोक गुलाबी-जांभळे झाले होते. तपोवन एक्सप्रेस घाट चढून इगतपुरीला आली तसे रंग विरळ झाले, आणि नाशिकरोडला उतरलो तर सगळी तोंडं स्वच्छ. नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत. रंग पंचमीला. धुळवड वीरांची.

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ मावशीचा वाडा आहे, म्हणजे वाड्याचा जेवढा भाग अजून उभा आहे तेवढा. मागची भिंत लाकडी टेकूंवर तोललेली. पुढच्या सोप्यात मावशी, मावसबहीण आणि तिची मुलगी राहतात. ही भाची फाइन आर्टला आहे आणि मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मास्तर, त्यामुळे तिच्या सबमिशनवर संकट आलं की फोन मला येतो. या वेळचा विषय होता अतिवास्तववाद आणि जादुई वास्तववाद यांतला फरक. दोन पानं टिपण आणि सोबत स्वतःचं एक चित्र. पहिली ओळ तिनं लिहून ठेवली होती : 'अतिवास्तववादात स्वप्न असते व जादुई वास्तववादात चमत्कार असतो.' चूक म्हणता येत नाही आणि मार्कही देता येत नाहीत, असं वाक्य.

"ते नंतर बघू मामा, आधी वीर बघायला चल," ती म्हणाली.

ज्यांच्या घराण्यात कुणी लढताना कामी आलं, त्यांच्या देवघरात त्या वीराचा टाक असतो. धुळवडीला तो टाक ताम्हनात घेऊन, वाजतगाजत गंगेवर नेतात. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडावर.) लहान पोरांना फेटे बांधून, मिशा काढून वीर केलेलं असतं. त्यातला एखादा वीर आईच्या कडेवर पेंगत असतो. आणि या सगळ्यांत मानाचा तो दाजीबा. त्याची कथा अशी सांगतात की लग्न ठरलं होतं, अंगाला हळद लागली होती आणि झटापटीत त्याला मरण आलं. लग्नाची इच्छा राहून गेली. म्हणून दरवर्षी तो नवरदेवाच्या थाटात निघतो, कपाळाला भलंमोठं बाशिंग लावून. दारोदार बायका त्याला ओवाळतात आणि घरातल्या लग्नाळू मुलामुलींसाठी त्याच्याकडे मागणं मागतात.

मावशी तबक घेऊन उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, "मागल्या वर्षी आपल्या बोळात यायला याला साडेदहा वाजले. पोरं झोपून गेली होती."

'याला' हे ती ज्या सुरात म्हणाली तो सुर ऐकायला हवा. एखाद्या मयत माणसाबद्दल किंवा त्याचं सोंग घेणाऱ्याबद्दल बोलावं तसा तो नव्हता. उशिरा आलेल्या जावयाबद्दल बोलावं तसा होता.

भाचीनं माझा दंड धरला. "मामा, हाच ना जादुई वास्तववाद?"

"नाही. ही धुळवड आहे."

तिला ते आवडलं नाही. पण तिथे गर्दीत, हलगीच्या आवाजात याहून जास्त सांगणं शक्यही नव्हतं.

द्वितीया

सकाळी मिसळ. तिच्याबद्दल लिहिणारे भरपूर आहेत, मी नाही लिहीत.

मग टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे नाशिककरांच्या 'सावाना'त गेलो. ही संस्था १८४० सालची. अतिवास्तववाद जन्मायच्या चौऱ्याऐंशी वर्षं आधी इथे लोक पुस्तकं बदलून नेत होते, हा विचार करून मला उगाच बरं वाटलं.

भाचीला मी तारखांपासून धरलं. कलेच्या इतिहासात तारखा कंटाळवाण्या असतात खऱ्या, पण इथे त्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत की त्यांतच अर्धं उत्तर आहे. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीनं अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ साली पॅरिसमध्ये काढला. फ्रान्झ रोह या जर्मन समीक्षकाचं पुस्तक १९२५ चं, आणि 'जादुई वास्तववाद' हे नाव त्यातलं. ते त्यानं कादंबरीला दिलेलंच नव्हतं. चित्रांना दिलं होतं. 'जादुई वास्तववाद म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या कादंबऱ्या' असं पाठ असलेल्या मुलीला हे ऐकून धक्काच बसला.

दोन्ही गोष्टी पहिल्या महायुद्धाच्या राखेतून निघाल्या, पण विरुद्ध दिशांना गेल्या. ब्रेतों वैद्यकीचा विद्यार्थी. युद्धात त्याची नेमणूक मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात झाली. तिथे एक सैनिक होता, त्याची खात्री होती की युद्ध हा सगळा बनाव आहे. तोफगोळे नकली, जखमा रंगवलेल्या. असल्या गोळ्यांनी मला काय होणार, म्हणून तो भर माऱ्यात खंदकाच्या कठड्यावर उभा राही आणि बोटांनी गोळ्यांना दिशा दाखवी. ब्रेतोंला तो विसरता आला नाही. ज्या शहाणपणानं लाखो तरुण खंदकात मारले त्या शहाणपणापेक्षा या वेड्याचं मन खरं, असा काहीसा निष्कर्ष त्यानं काढला. सोबतीला स्वप्नांतून मनाचा तळ शोधणारा फ्रॉइड होताच. मग १९१९ मध्ये ब्रेतों आणि फिलिप सूपो यांनी बसून भराभरा, न थांबता, न खोडता लिहून काढलं. बुद्धीला मध्ये पडूच द्यायचं नाही, मनाच्या तळाशी जे आहे ते थेट कागदावर. स्वप्न आणि वास्तव यांची भिंत पाडून पलीकडे जे उरेल ते खरं वास्तव. हा अतिवास्तववाद. भिंत पाडायची म्हणजे आवाज होणारच, आणि तो व्हावा अशीच त्यांची इच्छा.

रोह जे बघत होता ते याच्या उलट. युद्धाआधीच्या चित्रकारांनी आकार मोडले-वाकवले होते. आता जर्मनीतले काही जण पुन्हा साध्या वस्तूंकडे वळले होते. टेबल, कुंडी, खिडकी. अलेक्झांडर कानोल्टचे निवडुंग बघा. कुंडी कुंडीसारखी, काटा काट्यासारखा. पण इतकं स्वच्छ, इतकं निश्चल, की बघता बघता अंगावर काटा येतो. काहीही अशक्य घडत नाही आणि तरी काहीतरी घडलंय असं वाटत राहतं.

"म्हणजे अतिवास्तववादी चित्र धूसर आणि जादुई वास्तववादी चित्र क्लिअर," भाचीनं लिहायला घेतलं.

तिचं पेन मी थांबवलं. दाली पक्का अतिवास्तववादी चित्रकार, त्याचं वितळत्या घड्याळांचं चित्र १९३१ चं. आकार २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ए-फोर कागदाहून किंचित मोठं. आणि मुंगीचा पाय न् पाय दिसेल इतकं घोटून काढलेलं. त्याच वादातल्या मॅग्रितची टोपीवाली माणसं तर साइनबोर्डासारखी स्पष्ट. हात किती साफ आहे यावरून वाद ओळखता येत नाही. चित्रकलेच्या परीक्षेत हे लिहिणारी मुलं मी वर्षानुवर्षं तपासली आहेत, भाचीनं त्यांत भर घालू नये एवढीच इच्छा.

दुपारी वाड्यात आल्यावर जरा हात काळे केले. अतिवास्तववादी चित्रकार माक्स एर्न्स्ट १९२५ च्या ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या एका खाणावळीत उतरला होता. तिथल्या झिजलेल्या लाकडी जमिनीवर त्याची नजर खिळली. त्यानं फळ्यांवर कागद टाकले आणि वरून शिसं घासलं. लाकडाच्या रेषांतून जंगलं निघाली, पक्षी निघाले, डोळे निघाले. आपण काढायचं काही नाही, जे उमटेल ते बघायचं. मावशीच्या वाड्याचा दिंडी दरवाजा सागाचा आहे. त्यावर पातळ कागद धरून भाचीनं सहा-बीची पेन्सिल आडवी फिरवली. आधी खिळ्यांची टोपणं आली, मग एका गाठीभोवतीची वलयं, मग खालच्या अंगाला आडव्या ओरखड्यांची रांग. मी वलयांत घुबड बघितलं. तिला कानात बोटं घातलेली बाई दिसली. मावशी चष्मा लावून आली. "हे ओरखडे म्हशीच्या शिंगांचे," म्हणाली. "एकोणसत्तरच्या पुरात गोठ्यातून सोडली तर ती दार ठोठावत बसली होती."

एका कागदावर दोन्ही वाद मिळाले. पण ते तेव्हा सुचलं नाही, रात्री सुचलं.

जेवताना दालीचा एअर इंडियाचा किस्सा सांगितला. १९६७ मध्ये त्यानं कंपनीसाठी अॅशट्रेचं डिझाइन केलं. हंस आणि हत्ती असलेलं, उलटं धरलं की एकाचा दुसरा होणारं. मोबदला काय मागितला, तर हत्तीचं पिल्लू. आणि कंपनीनं ते खरोखर भारतातून विमानानं पाठवलं. मागणी शुद्ध अतिवास्तव. पण ती फाइल ज्या कारकुनानं हलवली असेल, 'विषय : हत्ती, नग एक' असं लिहून सहीसाठी वर पाठवली असेल, त्याची गोष्ट कुणी लिहिली तर ती दुसऱ्या वादात जाईल. (फाइल माझ्या डोक्यातली. पिल्लू खरं.) भाची इतकी हसली की तिला ठसका लागला.

तृतीया

सकाळी उन्हं चढायच्या आत पांडवलेणी. चोवीस लेणी आहेत, आम्ही रेंगाळलो ते तिसऱ्याशी. व्हरांड्याच्या खाली, जोत्याला, सहा धिप्पाड आकृत्या कोरल्या आहेत. छातीपासून वरचा भाग तेवढा जमिनीबाहेर, आणि खांद्यावर अख्खं लेणं, पालखी उचलावी तसं. दोन हजार वर्षांच्या आसपास ते तसेच उभे आहेत. हे मॅग्रितनं काढलं असतं तर आपण थबकलो असतो, कारण त्याला आपल्याला थबकवायचंच असतं. इथे कोरणाऱ्याला तसली काही हौस नाही. लेणं जड आहे, मग कुणीतरी उचलायला हवं. एवढंच.

डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकचा, १८७० चा. सिनेमात यायच्या आधी ते जादूचे प्रयोग करत, 'प्रोफेसर केळफा' या नावानं. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावून ठरावीक अंतरानं एकेक चौकट टिपली, आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिट-दोन मिनिटांत दाखवली. प्रत्येक चौकट खरी आणि जे दिसतं ते कुणाच्याही डोळ्यांनी कधी न पाहिलेलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच नटानं केली. पडद्यावर राम आला की प्रेक्षक चपला काढून ठेवत, असं सांगतात. बाजूला १९२९ ठेवा. पॅरिसमध्ये दिग्दर्शक बुन्युएल आणि दालीचा छोटा मूकपट, सुरुवातीलाच वस्तऱ्यानं डोळा चिरला जातो. एका पडद्यापुढे लोक वहाणा काढतात, दुसऱ्यापुढे तोंड फिरवतात. फाळक्यांना मी कुठल्याच वादात कोंबणार नाही. पण बघणाऱ्यावर काय व्हावं अशी करणाऱ्याची अपेक्षा आहे, हे तपासायला ही जोडी चांगली आहे. भाचीनं ती लगेच टिपून घेतली.

दुपारनंतर पंचवटी. सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं जागोजाग, धूळ, पत्रे. कपालेश्वराच्या पायऱ्या चढलो. शंकराच्या या देवळात नंदी नाही. का नाही, तर ब्रह्महत्येतून सुटायचा मार्ग शंकराला नंदीनं दाखवला, म्हणून इथे तो गुरू, आणि गुरूला समोर कसं बसवणार? पुजाऱ्यापासून फुलवालीपर्यंत कुणीही हे घरगुती मानापमान सांगावेत तसं सांगतं. खाली रामकुंडात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा. एक कुटुंब तांबडी पुडी सोडून शांतपणे पाण्याकडे बघत उभं होतं. मुलगा बापाला रिक्षाचे किती द्यायचे ते विचारत होता.

आणि मग दुतोंड्या मारुती. दोन्हीकडे तोंड असलेली ही मूर्ती घाटावर पात्रातच उभी आहे, आणि पुराचं माप तिच्यावर मोजतात. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले आणि पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत येतात. छातीला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला तेव्हा मावशीच्या बोळात कुणाला क्युसेकचा आकडा विचारायची गरज पडली नव्हती.

भाची विजयी मुद्रेनं बघत होती. "आता? आता तरी म्हण."

इथे मला क्यूबाच्या आलेहो कार्पेंतिएर या कादंबरीकाराला मध्ये आणावं लागलं. माझं आणि त्याचं जुनं भांडण आहे, त्याला त्याची कल्पना नाही. १९२८ पासून अकरा वर्षं हा माणूस पॅरिसमध्ये अतिवास्तववाद्यांच्या गोतावळ्यात होता. १९४३ मध्ये तो हैतीला गेला आणि त्याचा पॅरिसवरचा जीव उडाला. १९४९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यानं जुन्या मित्रांना धारेवर धरलं. तुम्ही शिवणयंत्र आणि छत्री शवविच्छेदनाच्या टेबलावर आणून अद्भुत तयार करता, ठरलेल्या कृतीनं. आमच्याकडे अद्भुत रस्त्यावर आहे, कारण लोकांचा त्यावर विश्वास आहे. कादंबरीत माकांदाल नावाच्या बंडखोर गुलामाला जिवंत जाळतात. जमलेले गुलाम बघतात की तो दोर तोडून उडाला, सुटला. ते हसत घरी जातात. सैनिकांनी त्याला पकडून पुन्हा आगीत लोटलेलं फार थोड्यांना दिसतं. कार्पेंतिएर दोन्ही सांगतो आणि गुलामांना खोटं पाडत नाही. हे पान अप्रतिम आहे.

पण 'आमची भूमीच अद्भुत आहे' हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. ते बोटीतून उतरलेल्या माणसाचं बोलणं आहे, पॅरिसच्या चष्म्यातून केलेलं. दुतोंड्या मारुतीत तिवंध्यातल्या माणसाला अद्भुत काही दिसत नाही. त्याला पाणी किती चढलं ते कळतं. अद्भुत दिसतं ते तपोवन एक्सप्रेसमधून आलेल्याला. गाव जादुई वास्तववादी नसतं. लिहिणारा असतो, आणि तोही तेव्हाच, जेव्हा तो क्युसेक आणि मारुतीची कंबर एकाच सुरात लिहितो. मारुतीपाशी आवाज हळवा केला की झाली लोककथा. हसला की झाला विनोद. दचकला की निघाला पॅरिसकडे.

"हे सरांना पटेल?"

"तुला पटलं तर लिही."

काळारामाच्या पूर्व दरवाज्याशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. २ मार्च १९३०. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या मंदिराशी आली आणि दरवाजे बंद करून घेतले गेले. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये ब्रेतोंचा दुसरा जाहीरनामा आला होता, क्रांतीच्या भाषेत. माणसांना अडवण्यासाठी माणसांनी देवाला कोंडून घ्यायचं, यापुढे कुठल्या वादाची कल्पकता टिकते?

मराठीत याला दोन्हीकडून उत्तरं आली. बाबूराव बागूल इथल्याच विहितगावचे. त्यांनी कथेत वास्तव सोडलं नाही, उलट असह्य होईपर्यंत जवळ आणलं. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहात प्रतिमा अशा एकावर एक कोसळतात की अतिवास्तवाची आठवण व्हावी. पण त्या कुणाच्या खासगी स्वप्नातून आलेल्या नाहीत, वस्तीतून आलेल्या आहेत. कोलटकर, चित्रे, डहाके यांच्या कवितेतही अतिवास्तवाच्या खुणा आहेत, आणि विलास सारंगांच्या कथेत तर पानोपानी. जादुई वास्तववाद मात्र आपल्या गद्यात फारसा मुरला नाही, असं माझं मत. आपल्याकडे चमत्कार आला की लेखक एकतर हात जोडतो नाहीतर भंडाफोड करतो. साखर संपली म्हणावं तसं 'आणि मग ती उडाली' म्हणणं आपल्याला जमत नाही.

चतुर्थी

संकष्टी. मावशीचा उपास, त्यामुळे घरात साबुदाण्याची खिचडी. वाइनरी बघायला जायचं ठरत होतं, गंगापूर धरणाच्या बाजूला. द्राक्षांचा हंगाम भरात होता, पण मावशीनं एका नजरेत बेत मोडला. मग घरीच खेळ मांडला.

अतिवास्तववाद्यांचा हा आवडता खेळ. कागदावर एकानं शब्द लिहायचा, घडी घालून पुढे द्यायचा, दुसऱ्यानं आधीचं न बघता पुढचा लिहायचा. पहिल्यांदा खेळले तेव्हा निघालेलं वाक्य प्रसिद्ध आहे : देखणं प्रेत नवी वाइन पिणार. खेळाला नावही त्यावरूनच पडलं. नाशकात, संकष्टीला, हे वाक्य मी जरा हळू आवाजात सांगितलं.

विशेषण, नाम, पुन्हा विशेषण, नाम, क्रियापद असा क्रम ठरवून चौघं बसलो. पहिली फेरी : 'आंबट पंचांग भित्र्या इस्त्रीला माहेरी सोडतं.' दुसरी : 'दमलेला पोस्टमन उकळत्या जिन्याला ओवाळतो.' भाची टाळ्या पिटत होती. मलाही पंचांगाचं वाक्य आवडलं. त्यात कुणाचं डोकं नाही, चौघांच्या मधली मोकळी जागा बोलतेय. मावशी मात्र गप्प.

"याला अर्थ काय?"

"अर्थ नसतो गं आजी, मजा असते."

"मग गंमत सांगायची तर खरी सांगावी," मावशी म्हणाली, आणि निवडायचे साबुदाणे बाजूला सारून तिनं सांगितलं. तिचे सासरे गेले त्या रात्रीपासून वाड्यात त्यांच्या अडकित्त्याचा आवाज यायचा. पहाटे चारला, झोपाळ्याच्या बाजूनं. कट, कट, मग चुन्याची डबी उघडल्याचा. तेरा दिवस आला.

"आणि मग?"

"मग बंद झाला. डब्यातली सुपारी संपली."

भाची माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, हे लिहून घे, याच शब्दांत. कोलंबियाचा कादंबरीकार गार्सिया मार्केज, त्यानं सांगून ठेवलंय की 'एकाकीपणाची शंभर वर्षे' या आपल्या प्रसिद्ध कादंबरीचा सूर त्याला आजीकडून मिळाला. ती अघटित गोष्टी चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायची. त्या कादंबरीतल्या माकोंदो गावात पाऊस पडतो तो 'पुष्कळ दिवस' नव्हे, चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस. सुंदर रेमेदियोस स्वर्गात जाते ती वाळत घालायच्या चादरींसकट, आणि घरातली एक बाई देवाकडे चादरी तेवढ्या परत मागत बसते. चमत्कार पोटात घालायचा तर त्याच्याभोवती असा हिशोब लागतो. सुपारी संपते म्हणून भूत थांबतं. पंचांग इस्त्रीला माहेरी सोडतं त्याला मात्र हिशोब नाही, हिशोब मोडणं हेच त्याचं काम.

आणि हा हिशोब नेहमी गोडच असतो असं नाही. त्याच कादंबरीत केळीच्या मळ्यातल्या संपकऱ्यांवर गोळीबार होतो, प्रेतांनी भरलेली आगगाडी समुद्राकडे जाते, आणि वाचलेला एकजण गावात येऊन सांगतो तर गाव म्हणतं, इथे काहीच झालं नाही. गोळीबार खरा, कोलंबियातल्या सिएनागाचा, १९२८ चा. चादरींसकट उडणारी मुलगी सगळे मान्य करतात आणि मेलेले मजूर कुणी मान्य करत नाही. मार्केजची सगळ्यात कडू जादू ही आहे, आणि 'किती छान कल्पना' म्हणणाऱ्या वाचकांना ती हमखास दिसत नाही.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा कालो, तिचं काय करू, असं भाचीनं विचारलं. ब्रेतों १९३८ मध्ये मेक्सिकोला गेला आणि तिला आपल्यातली म्हणाला. ती म्हणत राहिली की मी स्वप्नं रंगवली नाहीत, माझं वास्तव रंगवलं. माझं मत : तिचं ऐकावं.

संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी गर्दी दिसली म्हणून गेलो. रहाड उघडत होते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा दगडी बांधणीचा हौद, जमिनीच्या पोटात, पुरुषभर खोल. जुन्या नाशकात अशा काही शिल्लक आहेत. वर्षभर ती लाकडी ओंडक्यांनी झाकून, वर माती टाकून बुजवलेली असते आणि वरून रस्ता चालू असतो. स्कूटर, भाजीच्या गाड्या, लग्नाच्या वराती, सगळं तिच्यावरून जातं. पंचमीच्या तोंडावर माती काढतात, ओंडके उचलतात, आतलं साफ करतात. दोन पोरं खाली उतरून खराट्यानं भिंत घासत होती, फक्त डोकी दिसत होती. पलीकडे मोठ्या कढईत रंगाची फुलं उकळत होती, आणि त्या वाफेला हिरवट, कडसर वास होता. पाचशे वेळा मी या ठिकाणावरून चाललोय.

पंचमी

दुपारी मानकऱ्यांच्या हातून रहाडीची पूजा झाली आणि पहिला धप्पा पडला. धप्पा म्हणजे उडी, पण उडीत ती गंमत नाही. अंग गोळा करून, पाठीवर किंवा बुडावर, पाणी काठाबाहेर फेकलं जाईल अशी आपटायची. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आमच्या इथली पिवळी. एकामागून एक माणसं पडत होती, वर येत होती, पुढच्याच्या पायाखालून निसटत होती. त्यांत तांबट लेनमधले एक नाकासमोर चालणारे आजोबा होते, ज्यांना मी आजवर इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय पाहिलं नव्हतं. ते पिवळे होऊन वर आले, कानातलं पाणी झटकलं आणि कुणाला तरी भिशीची तारीख विचारली.

भाची उडी मारून आली. केसांतून रंग ठिबकत होता, दातही पिवळे. "मामा, चित्र ठरलं."

वाड्याच्या पायरीवर बसून तिनं ओल्या बोटानंच फरशीवर रेघा मारल्या. रस्त्याचा उभा छेद. वर नेहमीचा मंगळवार, रिक्षा चाललीय. खाली माती, ओंडके, आणि त्यांच्या खाली काठोकाठ रंग, त्यात वर्षभराची माणसं उभी. कुणी डबा खातंय, कुणी पेपर वाचतंय. सगळी पंचमीची वाट बघत. मला चित्र फार आवडलं, पण तोंडावर सांगितलं नाही, मास्तरकीची सवय. विचारलं, "रिक्षावाला काय करतोय?"

"खाली बघतोय. घाबरून. त्याला काचेसारखा रस्ता दिसतोय."

"मग हे चित्र ब्रेतोंला पाठव. वाईट नाही, पण तुला तेच हवंय का ते ठरव."

ती विचारात पडली. रिक्षावाल्याचं डोकं तिनं अंगठ्यानं पुसलं आणि समोर बघणारं काढलं. हातात सुटे पैसे दिले.

"आणि मागचा पॅसेंजर?" मी विचारलं.

"तो ठाण्याचा आहे," ती म्हणाली, आणि त्याला खाली वाकून बघताना काढलं.